आकाशवार्ता : अतिथीच्या घरीं

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची फोड आपल्या घरांतून मुलांस लहानपणींच सांगण्यांत येते. सूर्य, चंद्र आणि डोळ्यांस दिसणारे पांच ग्रह हीं आकाशांतील घरचीं माणसें. त्यांचें येणें, जाणें, वक्री होणें, अस्त पावणें, सारें पंचांगांत वर्षभर आगाऊ छापलेलें असतें. परंतु अधूनमधून एखादा असा पाहुणा येतो कीं, ज्याचा जुन्या पंचांगकर्त्यांस मुळींच पत्ता नसे. पांढुरकी शेंडी मागें सोडून तो पहांटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या आकाशांत उभा राहतो, कांहीं आठवडे मुक्काम करतो, आणि आला तसाच निघून जातो. जुनीं माणसें त्यास शेंडेनक्षत्र म्हणत. ग्रंथांतून त्याचें नांव केतु किंवा धूमकेतु. न सांगतां आलेल्या पाहुण्याचें स्वागत हसतमुखानें करावें, असें आपला धर्म सांगतो. पण या पाहुण्याच्या वांट्यास मात्र बहुधा कपाळावरच्या आठ्याच आल्या. दुष्काळ, पटकी, लढाई, राजाचा मृत्यु, यांपैकीं कांहीं ना कांहीं त्याच्या माथीं मारल्यावांचून त्यास कोणी जाऊं दिलें नाहीं.

या पाहुण्याची ओळख माणसास कसकशी पटत गेली, आणि अखेरीस माणसानेंच त्याच्या घरीं परतभेट कशी दिली, हें या महिन्यांत आम्ही सांगणार आहों. ही हकीकत दुर्बिणीची आहे आणि यानाचीहि आहे. दुरून पाहणें व जवळ जाऊन पाहणें या दोहोंचें एकमेकांवांचून किती अडतें, हें धूमकेतूंच्या अभ्यासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसत असेल.

सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत 'केतुचार' नांवाचा एक स्वतंत्र अध्यायच घातला आहे. केतूंचे प्रकार, त्यांचीं रूपें व त्यांचीं फळें यांची लांबलचक यादी त्यांत आहे, आणि ती वाचतांना आजच्या वाचकास हसूं येणें स्वाभाविक आहे. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभीं त्यानें एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकिली आहे. ती ही कीं, केतूचा उदय व अस्त गणितानें जाणतां येत नाहीं. ग्रहणें वर्तविणाऱ्या व ग्रहगतीचें गणित हातचा मळ असलेल्या पंडिताचें हें विधान आहे. आपल्या विद्येची सीमा कोठें आहे हें ज्यास ठाऊक असतें तोच असें लिहूं शकतो. फळांची यादी विसरली तरी चालेल. हें विधान मात्र विसरूं नये, असें आम्हांस वाटतें. ती सीमा ओलांडण्यास पुढें सुमारें साडेअकराशें वर्षें लागलीं.

इंग्लंडांतील एडमंड हॅले यानें १७०५ सालीं जुन्या धूमकेतूंच्या कक्षांचें गणित प्रसिद्ध केलें. १५३१, १६०७ व १६८२ या तीन सालीं दिसलेल्या धूमकेतूंचे मार्ग त्यास जवळजवळ एकच आढळले, आणि मधलें अंतर प्रत्येक वेळीं पंचाहत्तर-शहात्तर वर्षांचें. हे तीन पाहुणे नसून एकच पाहुणा तीनदां येऊन गेला, व तो १७५८ च्या सुमारास पुन्हां येईल, असें त्यानें लिहून ठेविलें. हॅले १७४२ सालीं वारला. भाकिताची परीक्षा त्याच्या पश्चात् व्हावयाची होती. वाटेंत गुरु व शनि या दोन अजस्र ग्रहांच्या ओढीनें धूमकेतूस किती उशीर होईल, हें काढणें फार किचकट काम होतें. फ्रान्समध्यें क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत ही विदुषी, अशा तिघांनीं १७५८ सालीं कित्येक महिने आंकडेमोड केली. एकंदर ६१८ दिवसांचा उशीर होऊन १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास तो सूर्याच्या अत्यंत निकट येईल, असा त्यांचा हिशेब निघाला. १७५८ च्या नाताळांत, २५ डिसेंबरच्या रात्रीं, ड्रेस्डेनजवळच्या पालिच नांवाच्या एका शेतकऱ्यास तो आपल्या दुर्बिणींतून प्रथम दिसला. आकाश पाहण्याचा या गृहस्थास मोठा नाद होता. पुढें १३ मार्च १७५९ रोजीं धूमकेतु सूर्याच्या अगदीं जवळून गेला. गणित महिनाभर चुकलें खरें. पण शहात्तर वर्षांच्या प्रवासांत एका महिन्याची चूक ती काय! अतिथीस प्रथमच तिथि मिळाली. वराहमिहिराची सीमा ओलांडली गेली, आणि ती त्याच्याच विद्येनें, म्हणजे गणितानें, ओलांडली गेली.

तिथि कळली म्हणून भीति मात्र गेली नाहीं. हॅलेचा हाच धूमकेतु १९१० सालीं आला तेव्हां ज्योतिष्यांस त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटांत सायनोजेन या विषारी वायूची खूण आढळली, आणि मे महिन्याच्या १८-१९ तारखेस पृथ्वी त्याच्या पुच्छांतून जाणार असा हिशेब निघाला. झालें! वर्तमानपत्रांस विषय मिळाला. अमेरिकेसारख्या सुधारलेल्या देशांत लोकांनीं दारांखिडक्यांच्या फटी बुजविल्या, आणि धूर्तांनीं धूमकेतूच्या विषावर उतारा म्हणून गोळ्या विकल्या. पुच्छांतील वायु इतका विरळ असतो कीं, त्याचा पृथ्वीच्या हवेवर कांहींएक परिणाम होऊं शकत नाहीं, हें शास्त्रज्ञ घसा फोडून सांगत होते. त्याच महिन्याच्या ६ तारखेस इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड वारला, व धूमकेतूस राजमृत्यूचा सूचक मानणाऱ्यांस आणखी एक दाखला सांपडला. गणित पुढें गेलें होतें, मन मागें राहिलें होतें. पाहुणा कधीं येणार हें समजलें तरी तो आहे कोण, हें जोंवर समजत नाहीं तोंवर अर्धवट ज्ञान भयास खतपाणीच घालतें.

आणि तो कोण, हें दुर्बिणीनें सांगणें कठीण होतें. याचें कारण मोठें चमत्कारिक आहे. धूमकेतु सूर्यापासून दूर असतो तेव्हां मोठ्या दुर्बिणींतूनहि तो केवळ एक अंधुक ठिपका दिसतो. जवळ येतो तेव्हां उन्हानें त्याचा बर्फ वायुरूप होऊन उडूं लागतो. त्या वायूबरोबर धूळ उडते. धुळीचें व वायूचें हजारों मैलांचें आवरण त्याच्याभोंवतीं पसरतें, आणि खरा देह त्यांत लपून जातो. म्हणजे उघडा असतो तेव्हां दिसत नाहीं, आणि दिसतो तेव्हां झांकलेला असतो. १९५० सालीं अमेरिकन ज्योतिषी फ्रेड व्हिपल यानें, धूमकेतूचा गाभा म्हणजे धुळीनें माखलेला बर्फाचा एक गोळा असावा, अशी उपपत्ति मांडली. ती पुष्कळांस पटली. पण गाभा प्रत्यक्ष कोणी पाहिला नव्हता.

तो योग १९८६ सालीं आला. हॅलेचा धूमकेतु ठरल्याप्रमाणें परत आला, आणि या वेळीं त्याच्या स्वागतास रशियाचीं दोन, जपानचीं दोन व युरोपचें एक अशीं पांच यानें आकाशांत सज्ज होतीं. युरोपच्या यानाचें नांव जोत्तो. दुर्बिणीनें धूमकेतूची कक्षा कळते, परंतु आवरणाच्या आंत गाभा नेमका कोठें आहे हें पुरेसें कळत नाहीं. मग जवळून जाणाऱ्या यानाचा नेम साधावा कसा? प्रथम ६ व ९ मार्च रोजीं रशियाचीं वेगा नांवाचीं यानें कांहीं हजार किलोमीटरांवरून गेलीं. त्यांच्या छायाचित्रांवरून गाभ्याचें स्थान ठरलें, आणि त्या आधारें १४ मार्च रोजीं जोत्तो अवघ्या ५९६ किलोमीटरांवरून पुढें गेलें. जगाचे दोन राजकीय तट परस्परांवर अण्वस्त्रें रोखून बसले होते त्या काळांतली ही गोष्ट आहे. सेकंदाला ६८ किलोमीटर या सापेक्ष वेगानें धुळीचा मारा होत होता. अत्यंत निकट पोंचण्यास कांहीं सेकंद उरले असतां एका कणाचा तडाखा बसून यान डळमळलें, आणि कांहीं काळ त्याचा संदेश तुटक झाला. परंतु तोंपर्यंत जें पाहावयाचें तें पाहून झालें होतें. गाभा सुमारें १५ किलोमीटर लांब व ८ किलोमीटर रुंद असा ओबडधोबड निघाला. आणि आकाशांत रुप्यासारखा चमकणारा हा पाहुणा अंगानें कोळशाहून काळा! त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा चारच भाग तो परत फेंकतो. व्हिपलचा बर्फ खरा ठरला, पण तो काळ्या धुळीच्या पांघरुणाखालीं होता.

तथापि धांवत्या गाडींतून एखाद्या घराच्या उघड्या खिडकींत नजर टाकणें निराळें, आणि त्या घरीं जाऊन चार दिवस राहणें निराळें. तें राहणें घडलें तें दुसऱ्याच एका धूमकेतूच्या घरीं, व त्याची कथा आम्हांस विशेष सांगण्याजोगी वाटते.

१९६९ सालच्या सप्टेंबर महिन्यांत, तेव्हांच्या सोव्हिएट रशियांतील अल्मा-आता येथील वेधशाळेंत स्वेतलाना गेरासिमेंको या तरुण विदुषीनें दुसऱ्याच एका धूमकेतूच्या शोधासाठीं कांचेच्या तबकडीवर छायाचित्रें घेतलीं. त्यांपैकीं एका तबकडीच्या कांठाजवळ एक अंधुक डाग होता. तो शोधीत असलेलाच धूमकेतु असावा, असें प्रथम वाटलें. पुढें कीव्ह येथें क्लिम चुर्युमोव्ह यानें बारकाईनें मोजमाप केलें तों तो डाग ठरलेल्या जागेपासून जवळजवळ दोन अंश दूर निघाला. डाग निराळा, तेव्हां पाहुणाहि निराळा. त्यास चुर्युमोव्ह-गेरासिमेंको असें जोडनांव मिळालें. सुमारें साडेसहा वर्षांत तो सूर्याभोंवतीं एक फेरा करतो. मागील गणित मांडून पाहतां असें दिसलें कीं, १९५९ सालीं तो गुरूच्या फार जवळून गेला होता, व त्या भेटींत गुरूनें त्याची वाटच बदलून टाकिली होती. पूर्वीं तो सूर्यापासून ४० कोटि किलोमीटरांहून जवळ येत नसे. त्यानंतर तो १९ कोटींपर्यंत येऊं लागला. म्हणजे हा पाहुणा नुकताच आपल्या आळींत येऊं लागलेला. उन्हानें फार भाजून न निघालेला.

युरोपीय अंतराळ संस्थेनें धूमकेतूकडे जाऊन मुक्काम करणारें जें यान बांधलें त्याचें नांव रोझेटा. इजिप्तमध्यें १७९९ सालीं सांपडलेल्या ज्या शिलालेखानें तेथील प्राचीन चित्रलिपीचें कोडें उलगडलें, त्याचेंच नांव यानास दिलें होतें. धूमकेतु हाहि सूर्यमालेच्या जन्मकाळचा एक शिलालेखच, अशी त्यामागील कल्पना. प्रथम हें यान विर्तानेन नांवाच्या एका लहान धूमकेतूकडे जावयाचें होतें. परंतु २००२ च्या डिसेंबरांत त्याच जातीचा एक अग्निबाण उड्डाणांत निकामी झाला, प्रस्थान लांबलें, आणि विर्तानेनचा मुहूर्त टळला. आतां नवा धूमकेतु शोधणें आलें. चुर्युमोव्ह-गेरासिमेंको निवडला गेला, आणि त्याची आगाऊ चौकशी करण्यासाठीं मार्च २००३ मध्यें पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या हबल दुर्बिणीनें त्याचीं छायाचित्रें घेतलीं. प्रकाश कसा कमी-जास्त होतो यावरून हिशेब करून सांगण्यांत आलें कीं, गाभा सुमारें ५ किलोमीटर लांब व ३ किलोमीटर रुंद असून रग्बीच्या चेंडूसारखा लांबट आहे. स्थळ पाहण्यापूर्वीं मुलाची उंची, वय व शिक्षण कळावें तसें हें ज्ञान. खोटें कांहीं नाहीं. पण तोंडवळा कळत नाहीं.

२ मार्च २००४ रोजीं रोझेटा निघालें. एवढ्या दूर जाण्याइतकें इंधन कोणतेंच यान बरोबर नेऊं शकत नाहीं. म्हणून तें तीनदां पृथ्वीजवळून व एकदां मंगळाजवळून असें गेलें कीं, त्या त्या ग्रहाच्या ओढीनें त्याचा वेग व दिशा बदलत जावी. पाळण्यास योग्य क्षणीं हात लावला म्हणजे झोका वाढत जातो, तशांतलाच हा प्रकार. सूर्यापासून ८० कोटि किलोमीटरांच्या आसपास ऊन इतकें क्षीण होतें कीं, यानाचे ३२ मीटर पसरलेले सौर पंखहि पुरेशी वीज देऊं शकत नाहींत. म्हणून जून २०११ मध्यें बहुतेक यंत्रें बंद करून त्यास निजविण्यांत आलें. एकतीस महिने तें निजलेलें होतें. ज्यांनीं तें घडविलें त्यांस तें जिवंत आहे कीं नाहीं हें विचारण्याचीहि सोय नव्हती. २० जानेवारी २०१४ रोजीं आंतील घड्याळानें त्यास जागें केलें, आणि काळजीनें बसलेल्या मंडळींच्या पडद्यावर त्याची क्षीण हांक उमटली.

त्या वर्षाच्या जुलैमध्यें पाहुण्याचा तोंडवळा दिसूं लागला, आणि सारे थक्क झाले. रग्बीचा चेंडू नव्हताच! दोन निरनिराळे गोळे एका बारीक मानेनें जोडलेले, दुरून पाहावें तर पाण्यांतील बदकासारखे. एक सुमारें ४ किलोमीटरांचा, दुसरा अडीच किलोमीटरांचा. दोहोंच्या अंगांवरील थरांची मांडणी तपासतां २०१५ सालीं असें दिसून आलें कीं, हे दोन स्वतंत्र देह असून फार प्राचीन काळीं अगदीं मंद गतीनें एकमेकांस टेंकून चिकटले आहेत. त्यांचें द्रव्य इतकें पोकळ कीं, घनता पाण्याच्या जेमतेम निम्मी. असा देह समुद्रांत टाकला तर तरंगेल. सूर्यमाला बनतांना लहान लहान गोळे कसे एकत्र येत गेले असतील, याचा हा पुरावाच म्हणावयाचा.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजीं रोझेटानें आपल्याबरोबर नेलेली फिली नांवाची शंभर किलोग्रॅमांची पेटी धूमकेतूवर सोडली. तेथील ओढ इतकी अल्प कीं, पृथ्वीवर शंभर किलो भरणाऱ्या या पेटीचें वजन तेथें जेमतेम ग्रॅमभर. सात तास ती पडतच होती. पृथ्वीपासूनचें अंतर ५१ कोटि किलोमीटर. तेथील वार्ता येथें पोंचण्यास २८ मिनिटें लागत. जमिनींत रुतण्यासाठीं तिला भाले बसविले होते. ते सुटलेच नाहींत. पेटी उसळली व जवळजवळ दोन तास हेलकावत जाऊन एका कड्याच्या सावलींत पडली. तेथें ऊन पुरेसें मिळेना. सुमारें अडीच दिवस आपल्या बॅटरीवर तिनें जेवढें जमेल तेवढें काम केलें, मोजमापें पाठविलीं, आणि ती निजली. पुढें पावणेदोन वर्षें ती नेमकी कोठें पडली आहे हेंच कळत नव्हतें. २ सप्टेंबर २०१६ रोजीं रोझेटाच्या कॅमेऱ्यास ती कपारींत आडवी पडलेली दिसली, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस रोझेटाहि धूमकेतूवर अलगद उतरवून त्याचें काम संपविण्यांत आलें. घरच्या कर्त्या माणसानें हरवलेलें मूल सांपडल्यावरच देह ठेवावा, असा कांहींसा हा योग होता.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जो घराच्या आंत बसला त्यास घराचें छप्पर दिसत नाहीं. रोझेटा धूमकेतूच्या आवरणांतच फिरत असल्यामुळें त्याचें पुच्छ केवढें वाढलें, आवरणाचा पसारा सूर्याजवळ जातांना कसा बदलला, हें त्यास समग्र दिसणें शक्य नव्हतें. तें काम पृथ्वीवरील वेधशाळांनीं त्याच काळांत केलें. ऑगस्ट २०१५ मध्यें धूमकेतु सूर्याच्या अत्यंत निकट होता, तेव्हां एका डोळ्यानें आंतून व दुसऱ्यानें बाहेरून, असें हें पाहणें चाललें होतें. आंत मोजलेला वायु व बाहेरून दिसलेलें तेज यांचा मेळ घातला म्हणजे जेथें यान कधींच जाणार नाहीं अशा शेंकडों धूमकेतूंविषयीं दुर्बिणीच्या साह्यानें अधिक खात्रीनें बोलतां येतें. एका शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण तें शीत कोणी तरी बोटांनीं चेपून पाहिलेलें असावें लागतें.

आंत सांपडलें काय? वायु हुंगणाऱ्या यंत्रास पागेंतील उग्र दर्पाचा अमोनिया, गंधकाचा दुर्गंधी वायु आणि कडू बदामाच्या वासाचें हायड्रोजन सायनाइड सांपडलें. १९१० च्या लोकांस ज्याची धास्ती वाटली त्याचा अंश तेथें खरोखरच होता. पण घागरभर पाण्यांत तिखटाचा कण टाकावा त्याहूनहि तो पुच्छांत विरळ. कोणाच्या स्वप्नांतहि नव्हता असा मोकळा प्राणवायु आढळला. आणि २०१६ सालीं जाहीर झालें तें सर्वांत महत्त्वाचें: ग्लायसीन हें अमिनो आम्ल व फॉस्फरस हीं दोन्ही तेथें होतीं. ग्लायसीनचा पुरावा यापूर्वीं, २००६ सालीं परत आलेल्या स्टारडस्ट यानानें विल्ड नांवाच्या धूमकेतूच्या आणलेल्या धुळींतहि मिळाला होता. प्रथिनें ज्या घटकांनीं बनतात त्यांपैकीं तें एक. यावरून धूमकेतूवर जीव आहेत असा अर्थ कोणीं काढूं नये. विटांचा ढीग दिसला म्हणजे तेथें संसार चालला आहे असें होत नाहीं. परंतु विटा कोठून आल्या असतील याचा तर्क करतां येतो.

आतां पाण्याची गोष्ट. आपल्या देव्हाऱ्यांतील कलशांत, विहिरींत, समुद्रांत जें पाणी आहे तें पृथ्वीवर आलें कोठून, हा प्रश्न फार जुना आहे. तरुणपणीं पृथ्वी अतिशय तप्त होती; तेव्हां पाणी मागाहून बाहेरून आलें असावें, व तें बर्फाळ धूमकेतूंनीं आणलें असावें, असें पुष्कळांस वाटे. याची परीक्षा एका खुणेनें करतां येते. हायड्रोजनचा ड्यूटेरियम नांवाचा एक जड प्रकार आहे. समुद्राच्या पाण्यांत साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागें एक ड्यूटेरियमचा अणु असतो. ज्या पाण्यांत हेंच प्रमाण तें आपल्या गोत्राचें, असें समजण्यास हरकत नाहीं. हॅलेच्या धूमकेतूंत हें प्रमाण सुमारें दुप्पट निघालें होतें. पुढें २०११ सालीं हर्शेल या अंतराळांतील दुर्बिणीनें हार्टली नांवाच्या धूमकेतूचें पाणी तपासलें, तों प्रमाण जवळजवळ आपल्याच समुद्राचें! आशा पुन्हां पालवली. मग २०१४ सालीं रोझेटानें जागेवर जाऊन मोजलें तेव्हां तें तिपटीहून अधिक भरलें, आणि पुष्कळांनीं धूमकेतूंचें नांव सोडून लघुग्रहांकडे बोट दाखविलें. इतक्यावर प्रकरण मिटलें असें वाटलें होतें. परंतु २०२४ सालीं रोझेटाचींच सारीं टिपणें फिरून तपासतां असें प्रसिद्ध झालें कीं, गाभ्याजवळच्या धुळीच्या कणांमुळें हें प्रमाण फुगून दिसत असावें. धुळीचा परिणाम वगळतां आंकडा समुद्राच्या बराच जवळ येतो.

याचा अर्थ असा कीं, जवळ जाऊन मोजलें म्हणजे निकाल लागलाच असें नाहीं. दुरून चूक होते तशी जवळूनहि होते; फक्त चुकीची जात बदलते. यान बंद होऊन आठ वर्षें लोटल्यावरहि त्याचीं टिपणें नवें बोलूं शकलीं, कारण तीं कोणीं फेंकून दिलीं नव्हतीं व पूर्वीच्या निकालास शंका विचारणें कोणीं पाप मानलें नव्हतें. गुरुवाक्यास शंका विचारण्याची रीत आपल्या शास्त्रपरंपरेंतहि होती. पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धान्त मांडीत नसत. ती रीत घरांतून नाहींशी होऊं नये, असें आम्हांस मनापासून वाटतें.

येथें एखादे वडील विचारतील कीं, या खटाटोपास खर्च किती आला? सुमारें १४० कोटि युरो, व तोहि अनेक देशांत व वीसाहून अधिक वर्षांत वांटलेला. एवढ्या पैशांत किती पाटबंधारे झाले असते, हा प्रश्न योग्यच आहे, व तो विचारणारास आम्ही अडाणी म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, १९१० सालीं भयापोटीं विकत घेतलेल्या गोळ्यांस, किंवा शतकानुशतकें केतूच्या नांवानें केलेल्या शांतींस लागलेला पैसा कोणीं कधीं मोजला नाहीं. अज्ञानाचा खर्च वहींत दिसत नाहीं; ज्ञानाचा दिसतो.

पाहुण्यांची वर्दळ थांबलेली नाहीं. सूर्यमालेबाहेरून, दुसऱ्या ताऱ्यांच्या प्रदेशांतून आलेला पहिला धूमकेतु बोरिसोव्ह २०१९ सालीं सांपडला. १ जुलै २०२५ रोजीं चिलींतील एका दुर्बिणीनें तसाच आणखी एक टिपला. ॲटलास हें त्याचें नांव. हे खरेखुरे अतिथि. यांचें पुनरागमन नाहीं. ॲटलास येत आहे हें कळल्यापासून त्याच्यासाठीं नवें यान सोडण्यास वेळच नव्हता. मंगळाभोंवतीं आधींच फिरत असलेल्या यानांनीं ऑक्टोबर २०२५ मध्यें आपले कॅमेरे तिकडे वळवून त्यास पाहिलें. ही अडचण ओळखून युरोप व जपान यांनीं एक नवीन युक्ति योजिली आहे. पाहुणा कोण हें ठरण्यापूर्वींच यान पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरांवर नेऊन ठेवावयाचें, आणि दुर्बिणींनीं वर्दी दिली म्हणजे त्यानें तेथून निघावयाचें. ओसरीवर चपला घालून बसलेल्या माणसासारखें हें यान २०२९ च्या सुमारास किंवा त्यानंतर सोडण्याचा बेत आहे. वर्दी देण्याचें काम चिलींतील व्हेरा रूबिन वेधशाळेसारख्या नव्या दुर्बिणींवर राहील. तिचीं पहिलीं छायाचित्रें २०२५ च्या जूनमध्यें प्रसिद्ध झालीं.

राहतां राहिला आपला जुना ओळखीचा हॅले. डिसेंबर २०२३ मध्यें तो आपल्या कक्षेच्या अत्यंत दूरच्या टोंकावरून वळला, आणि तेव्हांपासून तो आपल्याकडे येण्यास निघाला आहे. २०६१ च्या जुलैमध्यें तो सूर्याजवळ असेल. १९१० सालीं ज्यांनीं तो पाहिला त्यांच्या नातवंडांनीं १९८६ सालीं त्यास शोधिलें; आज आपल्या घरांत दहा वर्षांचें जें मूल आहे तें त्या वेळीं पंचेचाळिशी ओलांडलेलें असेल, आणि बहुधा त्याच्याहि घरांत कोणी दहा वर्षांचें असेल. पुष्कळ कुटुंबांतून जन्मतिथि, मुंजी, लग्नें, श्राद्धतिथि लिहून ठेवण्याची एक वही असते. तिच्या शेवटच्या पानावर "जुलै २०६१, हॅले" एवढीं अक्षरें आजच लिहून ठेवावींत, अशी आमची वाचकांस विनंति आहे. त्याखालीं तो काळ्या बर्फाचा गोळा आहे व त्याच्या शेंडींत भिण्यासारखें कांहीं नाहीं, हेंहि लिहावें. आपण असूं वा नसूं. पाहुणा ठरल्या तिथीस येईल, आणि दार उघडणाऱ्यास त्याची ओळख असेल.